शेजार आणि कूळ

पुस्तक वाचता वाचता माझी नजर पानाच्या तळाशी घसरते आणि तिथल्या आकड्यावर रेंगाळते. मजकूर कितीही रंगलेला असो, पान उलटण्याआधी तो आकडा एकदा फोडून पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोनने भाग जातो का, तीनने जातो का, आणि सगळं भागून झाल्यावर शेवटी सर्वांत मोठा असा कोणता मूळ अवयव हाती लागतो, एवढंच बघायचं. पान १२१ म्हणजे अकरा गुणिले अकरा. १२२ मधून एकसष्ट निघतो, १२३ मधून एक्केचाळीस, १२४ मधून एकतीस. मग १२५ येतं आणि सगळं एकदम खाली उतरतं: पाच, पाच आणि पाच. १२६ मध्ये सात. १२७ काही केल्या फुटत नाही. तो कागद उलटला की मागच्या बाजूला १२८, आणि ते दोनने सात वेळा निमूटपणे अर्धं होत होत एकावर येतं. एकाच कागदाच्या दोन बाजू, मध्ये केसभर जाडी. एका बाजूला अभेद्य १२७, दुसऱ्या बाजूला दोनाखेरीज काहीच पोटात नसलेलं १२८.

या कागदापाशी मी दर वेळी थांबतो. १२७ मध्ये एक मिळवला की १२८ होतात, यापलीकडे त्या दोघांत नातं काय? शेजार आहे, पण कूळ वेगळं. बेरजेने संख्या एकमेकींच्या शेजारी बसतात आणि गुणाकाराने त्यांचं कूळ ठरतं. शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या कुळाची काही खबर नसते. १२८ चं कूळ शोधायचं तर २, ४, ८, १६, ३२, ६४ अशा लांब लांब राहणाऱ्यांकडे जावं लागतं. शेजारच्या १२७ आणि १२९ ला विचारून उपयोग नाही.

प्रत्येक संख्येचा सर्वांत मोठा मूळ अवयव ओळीने लिहीत गेलं की एक क्रमिका तयार होते. दोनापासून सुरुवात केली तर ती अशी जाते: २, ३, २, ५, ३, ७, २, ३, ५, ११, ३, १३, ७, ५, २, १७, ३, १९, ५, ७, ११, २३, ३, ५. मोठ्याने म्हणून बघावी. ठेका सापडतोय असं वाटतं न वाटतं तोच एखादा तेवीस मध्ये उभा राहतो. दोन सुरुवातीला वरचेवर दिसतो, मग त्याचं येणं विरळ होत जातं. १०२४ ला तो येतो आणि नंतर थेट २०४८ लाच. तरी तो संपत कधीच नाही. कितीही पुढे गेलं तरी आणखी पुढे कुठेतरी दोनाचा निखळ घात असतोच, आणि त्याच्या जागी क्रमिकेत पुन्हा तो सुरुवातीचा २ लिहावा लागतो.

लहानपणी पाढे पाठ करताना दोनचा सगळ्यांत सोपा वाटायचा. सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस जिभेवर बसता बसत नसत. सतरा त्रिक एक्कावन्न, एकोणीस चोक शहात्तर, तेवीस त्रिक एकोणसत्तर: ही उत्तरं आधीच्या कुठल्याच पाढ्यात भेटलेली नसत, म्हणून ती परकी वाटत. मोठेपणी या क्रमिकेच्या नजरेने तेच पाढे पाहिले तेव्हा त्यांचं वेगळं रूप दिसलं. दोनच्या पाढ्यात दोन हा सर्वांत मोठा मूळ अवयव असणारी ठिकाणं फक्त चार: २, ४, ८, १६. बाकी सगळीकडे तीन, पाच नाहीतर सात त्याच्या वरचढ. तीनच्या पाढ्यात १५, २१ आणि ३० तीनच्या हातून जातात. पाचच्या पाढ्यात एकटे ३५ जातात. सातपासून मात्र प्रत्येक मूळ संख्येचा पाढा पहिल्यापासून दहाव्या ओळीपर्यंत संपूर्ण तिचाच असतो. सातची हार थेट अकराशी, ७७ ला, आणि तिथे पोचेपर्यंत आपला पाढा संपलेला असतो. म्हणजे जे पाढे घोकताना सर्वांत जास्त घाम फुटायचा, त्यांत एकाच संख्येची अखंड सत्ता होती. ते अवघड का होते हे मला असं फार उशिरा उमगलं, आणि तेव्हापासून सतराचा पाढा मला फार आवडतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न पुढे नेला की तो पाहता पाहता खोल होतो. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्या पुढची घ्या. दोघींच्या सर्वांत मोठ्या मूळ अवयवांत मोठा कोणाचा? १२१ वरून १२२ वर जाताना चढ, अकरावरून एकसष्ट. तिथून १२५ पर्यंत सलग उतार: एकसष्ट, एक्केचाळीस, एकतीस, पाच. मग सात, मग १२७ असा चढ, आणि पुन्हा दोनापर्यंत कोसळणं. १९७८ साली पॉल एर्डिश आणि कार्ल पॉमरन्स यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. अंदाज असा की लांब पल्ल्यात चढ आणि उतार निम्मे निम्मे असावेत. तसं नसायला काही कारण दिसत नाही. पण निखळ सिद्धता अजून झालेली नाही. सलग तीन संख्यांत चढत जाणारे अवयव अनंत वेळा सापडतात, हे त्या दोघांनीच दाखवलं. सलग तीन उतरते अनंत वेळा सापडतात हे सिद्ध व्हायला २००१ उजाडावं लागलं, आणि ते केलं हंगेरीच्या आंताल बालोग यांनी. चढणं आणि उतरणं दिसायला एकमेकांचं प्रतिबिंब, पण सिद्धतेच्या वाटेवर एक सोपं निघालं आणि दुसऱ्याने दोन दशकांहून जास्त वाट पाहायला लावली. शाळेतल्या मुलालाही समजेल असा प्रश्न, आणि त्याच्यापुढे इतकी मोठी माणसं हात बांधून उभी आहेत, याचं मला अजूनही नवल वाटतं.

एकेका संख्येबद्दल आधी काही सांगता येत नाही, हे खरं. सगळ्यांना एकत्र पाहिलं की मात्र एक शिस्त दिसू लागते. १९३० मध्ये कार्ल डिकमन या स्वीडिश माणसाने ती पहिल्यांदा मांडली. त्याचं काम विम्याचं गणित करण्याचं. एकेक माणूस कधी जाणार हे सांगता येत नाही, पण लाखभर माणसांचं सांगता येतं, या हिशोबात मुरलेल्या नजरेने त्याने संख्यांकडे पाहिलं असावं असं मला आपलं वाटतं. संख्येचा सर्वांत मोठा मूळ अवयव तिच्या वर्गमूळापेक्षाही मोठा असण्याची शक्यता शेकडा ६९ च्या आसपास निघते. म्हणजे बहुतेक संख्यांच्या पोटात एकच एक दांडगा अवयव असतो आणि बाकीचे किरकोळ. १२१ ते १३० या दहा पानांत मी हे पडताळून पाहिलं: १२२, १२३, १२४, १२७, १२९ आणि १३०, दहापैकी सहा.

याच हिशोबातून आणखी एक आकडा निघतो, ०.६२४३. एखाद्या प्रचंड संख्येचे शंभर अंक असतील, तर तिच्या सर्वांत मोठ्या मूळ अवयवाला सरासरी बासष्टच्या आसपास अंक असतात. हाच आकडा एका अगदी निराळ्या ठिकाणी सापडला. शंभर माणसांनी आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या आणि प्रत्येकाने एक उचलली. मी तुमची उचलली, तुम्ही तिसऱ्याची, त्याने चौथ्याची, असं करत साखळी कधीतरी पुन्हा माझ्यापाशी येते. अशा अनेक साखळ्या बनतात आणि त्यांतली सर्वांत लांब सरासरी बासष्ट-त्रेसष्ट माणसांची असते. चिठ्ठ्यांचा हा हिशोब सॉलोमन गोलोम यांनी केला, म्हणून त्या आकड्याला आज गोलोम आणि डिकमन या दोघांचंही नाव आहे. मूळ संख्यांचा आणि चिठ्ठ्यांचा संबंध काय? सिद्धता वाचून तो कळतो, पण कळल्यावरही विस्मय कमी होत नाही.

दांडगे अवयव नसलेल्या संख्यांचं गोत्र निराळं. ज्यांच्यात दोन आणि तीन यांखेरीज कोणी नाही अशा संख्या शंभरापर्यंत मोजून वीस आहेत, एकासकट. दहा लाखांपर्यंत जावं तर फक्त १४२. त्या किती असतात हे सांगणारं एक आटोपशीर सूत्र श्रीनिवास रामानुजन यांनी जानेवारी १९१३ मध्ये मद्रासहून गणितज्ञ हार्डींना लिहिलेल्या पहिल्या पत्रात होतं. दहा लाखांसाठी ते १४२ च्या इतकं जवळ येतं की फरक दशांश चिन्हाच्या पलीकडेच राहतो. आपल्या जुन्या व्यवहारातली नाणी याच गोत्रातली. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. १९२ म्हणजे सहा वेळा दोन आणि एकदा तीन. पाव, निम्मं, पाऊण, तिसरा हिस्सा, काहीही काढा, पै न मोडता निघतं. पावकी, निमकी, पाऊणकी यांचे पाढे ज्या पिढीने घोकले, तिच्या बोटांत हे दोन-तीनचं गणित होतं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाच आत आला आणि तीन बाहेर गेला. तेव्हापासून रुपयाचे तीन सारखे वाटे होत नाहीत.

पाचाच्या येण्याने काय होतं हे कानांनी ऐकायचं असेल तर तंबोऱ्यापाशी बसावं. तार नीट लागली, जवारी खुलली की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येऊ लागतो. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश. खाली आपल्या सप्तकात आणला की षड्जाशी त्याचं प्रमाण ५:४. आता दुसऱ्या वाटेने जाऊ. सा पासून पंचम घ्या, त्या पंचमाला सा मानून त्याचा पंचम घ्या, तो रिषभ. त्याचा पंचम धैवत आणि धैवताचा पंचम पुन्हा गांधार. प्रत्येक पायरी ३:२ ची. दोन सप्तकं खाली उतरवलं की या गांधाराचं प्रमाण ८१:६४ येतं. तारेतून आपोआप उमटलेला होता ५:४, म्हणजे ८०:६४. दोन गांधार, एक नुसत्या दोन-तीनने बांधलेला, दुसरा पाचाला सोबत घेऊन आलेला, आणि त्यांच्यामधलं अंतर ८१:८०. तयार कानाला ते स्पष्ट कळतं. भरतमुनींची प्रमाण श्रुती ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर श्रुतींच्या या मोजमापात आकंठ बुडाले होते. बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० चं.

८० आणि ८१ ही जोडी गणितातही विलक्षण आहे. ८० मध्ये दोन आणि पाच, ८१ मध्ये फक्त तीन. पाचाहून मोठा अवयव दोघांतही नाही. नॉर्वेच्या कार्ल स्टॉर्मर यांनी १८९७ मध्ये दाखवलं की ठरावीक मूळ संख्यांपुरतंच थांबायचं म्हटलं, तर अशा शेजारी-शेजारी बसलेल्या जोड्या मोजक्याच असतात, आणि त्या सगळ्या शोधून काढता येतात. दोन, तीन आणि पाच एवढ्यांवरच भागवायचं तर ८० आणि ८१ ही शेवटची जोडी. त्यापुढे अनंतापर्यंत एकही नाही. सातला सोबत घेतलं तर शेवटची जोडी ४३७४ आणि ४३७५. त्यांतल्या पहिलीत एक दोन आणि सात तीन, दुसरीत चार पाच आणि एक सात. पुढच्या आयुष्यात स्टॉर्मर ध्रुवप्रदेशातल्या आकाशातले प्रकाशपट्टे मोजण्यात रमले. पण मला ते लक्षात राहिले आहेत ते या शेवटच्या जोड्यांसाठी. एका कुळातली दोन माणसं शेजारी राहायला येण्याचा प्रसंग मोजक्या वेळा येतो आणि मग कायमचा थांबतो. ८१:८० इतकी सूक्ष्म श्रुती मिळते, पण केवळ दोन, तीन आणि पाच वापरून अशा शेजारी-शेजारी असलेल्या दोन संख्यांचं याहून बारीक अंतर मिळणार नाही. ही मर्यादा कानाची नाही, संख्यांची आहे.

आकड्यांच्या याद्या करत बसणं हे मोठ्या विद्यापीठांत फारसं मानाचं काम नव्हतं, आणि तरीही काही माणसांनी त्यात आयुष्य घातलं. डहाणूत १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ ही त्यांची संख्या सगळ्यांना ठाऊक आहे. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात खेपांत ६१७४ वर येऊन थांबता. ३५२४ घेऊन बघा. ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आणि ६१७४. या वाटेवरच्या संख्यांचे सर्वांत मोठे मूळ अवयव मी एकदा शेजारी लिहून पाहिले: ८८१, ७, २९, ७. सुरुवातीचा ८८१ पहिल्याच वजाबाकीत नाहीसा झाला. खुद्द ६१७४ म्हणजे एक दोन, दोन तीन आणि तीन सात. इतकी गाजलेली संख्या इतक्या साध्या अवयवांनी बनलेली आहे याचा मला फार आनंद झाला. आणि वाटेतले ३०८७ म्हणजे बरोबर तिचं निम्मं.

१९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मध्ये कापरेकरांवर लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोचलं. त्याआधी, १९६४ साली, कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या नील स्लोन या तरुणाने आपल्याला भेटलेल्या क्रमिका टिपून ठेवायला सुरुवात केली होती. पुढे त्या पंच कार्डांवर गेल्या, आणि १९७३ मध्ये २३७२ क्रमिकांचं पुस्तक निघालं. तो संग्रह पुढे वाढत वाढत लाखांच्या घरात गेला. कापरेकरांच्या संख्या त्यात आहेत, त्यांच्या हर्षद संख्या आहेत, स्वयंभू संख्या आहेत. सर्वांत मोठ्या मूळ अवयवांची आपली क्रमिकाही तिथे आहे, ६५३० या क्रमांकावर. तो क्रमांकही मी अर्थातच फोडून पाहिला. ६५३ निघाला. देवळालीचा शाळामास्तर आणि अमेरिकेतला विद्यार्थी, दोघांचा विश्वास एकच होता: जे ओळीने लिहून ठेवलं ते कधीतरी कोणाच्या तरी उपयोगी पडेल, आणि नाही पडलं तरी लिहून ठेवण्याजोगं आहे.

१७२९ ची गोष्ट अनेकदा सांगून झाली आहे, पण तिच्यातला एक बारकावा मला दर वेळी थांबवतो. पटनी इथे आजारी असलेल्या रामानुजनना भेटायला हार्डी ज्या टॅक्सीने गेले तिचा क्रमांक १७२९. हा आकडा काही खास दिसत नाही, असं हार्डी म्हणाले. नंतर हा प्रसंग लिहिताना त्यांनी कंसात तिची फोडही दिली, ७·१३·१९. रामानुजन म्हणाले की ही तर फार सुरेख संख्या, दोन घनांच्या बेरजेने दोन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान. बारा आणि एक यांचे घन, किंवा दहा आणि नऊ यांचे. आता बारा आणि एक मिळवा, तेरा येतात. दहा आणि नऊ मिळवा, एकोणीस. हार्डींनी फोडून बाजूला ठेवलेल्या अवयवांतच रामानुजनांच्या बेरजा होत्या. बेरीज आणि गुणाकार एरवी एकमेकांना ओळख देत नाहीत, पण इथे ते एका संख्येत समोरासमोर आले आहेत, आणि दोन मित्रांनी तिच्याकडे एकेका बाजूने पाहिलं.

मोठा अवयव आहे हे ठाऊक असणं आणि तो हाती लागणं यांत मात्र फार अंतर आहे. दोनाचा ६७ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला तर येणारी संख्या मूळ आहे, असं मर्सेन यांनी १६४४ साली म्हटलं होतं. ती मूळ नाही हे एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं, पण तिचे अवयव त्यांनाही माहीत नव्हते. संख्या फुटते हे नक्की, कशी फुटते हे अंधारात. ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. सांगतात ते असं की ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूला त्यांनी तो घात हाताने काढला, एक वजा केला आणि १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ लिहिले. मग दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार एकेक ओळ करून मांडला. दोन्ही उत्तरं जुळली आणि ते जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला असं विचारल्यावर तीन वर्षांचे रविवार, असं त्यांनी सांगितल्याचं वाचलं आहे. ७६१८३८२५७२८७ हा बारा अंकी आकडा मी कधीकधी सावकाश वाचतो. तो कोल यांच्या आधीही तिथेच होता, मर्सेनच्या आधीही होता. त्याला कोणी घडवलं नाही, फक्त रविवारामागून रविवार कोणीतरी त्याच्या दिशेने चालत राहिलं.

आपल्या जवळची एक गोष्ट कुलाब्याची आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. रामचंद्र यांनी शेजार आणि कूळ यांच्या याच प्रश्नावर काम केलं. एक संख्या घेऊन तिच्यापुढे तिच्या वर्गमूळाइतक्याच संख्या पाहायच्या. दहा लाखांपासून सुरुवात केली तर पुढच्या हजार. एवढ्या लहानशा वस्तीत मोठा मूळ अवयव असलेली संख्या कोणी तरी असेलच, अशी हमी देता येते का? १९६९ मध्ये रामचंद्र यांनी दाखवलं की पुरेशा मोठ्या संख्यांसाठी देता येते: त्या वस्तीत अशी एक तरी संख्या असते की तिच्या सर्वांत मोठ्या मूळ अवयवाला तिच्या अंकांपैकी निम्म्याहून अंमळ जास्त अंक असतात. नेमकं प्रमाण १५/२६. पुढे त्यांनीच ते आणखी वर नेलं. १५/२६ म्हटल्यावर कोणाच्या अंगावर रोमांच येणार नाहीत, पण तो निम्म्यापेक्षा जास्त आहे, यातच सगळं आलं. एकेकट्या शेजाऱ्याबद्दल काही सांगता येत नसलं तरी मोहल्ल्याबद्दल ठामपणे बोलता येतं.

शेजाराचा सर्वांत जुना उपयोग युक्लिडचा. हाताशी असलेल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. जी शेजारीण मिळते तिला त्यांतल्या एकीनेही भाग जात नाही, म्हणून तिच्या पोटात नवी मूळ संख्या असलीच पाहिजे. १९६३ मध्ये अल्बर्ट मलिन यांनी यावरून क्रमिका बनवली. दोन घ्या, एक मिळवा, तीन. दोन त्रिक सहा आणि एक सात. बेचाळीस आणि एक त्रेचाळीस. १८०६ आणि एक, १८०७. ही फुटते, तेरा आणि १३९ मध्ये. आता कोणाला यादीत घ्यायचं? सर्वांत मोठ्याला घ्यायचं ठरवलं तर १३९. पुढची पायरी २५१०३५, म्हणजे पाच आणि ५०२०७. पाच दाराशी आला, पण ५०२०७ मोठा, म्हणून पाच बाहेरच. आणि तो कायमचाच बाहेर राहतो. पाच निवडला जायचा तर त्या पायरीवर पाचाहून मोठं कोणी नसायला हवं. दोन आणि तीन तर असूच शकत नाहीत, कारण ते आधीच गुणाकारात आहेत. म्हणजे ती संख्या निखळ पाचांची हवी: ५, २५, १२५, ६२५. त्यातून एक काढा: ४, २४, १२४, ६२४. प्रत्येकीला चारने भाग जातो. पण आपल्या गुणाकारात दोन एकदाच आहे, बाकी सगळे विषम. त्याला चारने भाग कधीच जाणार नाही. एवढ्याशा कारणाने पाचाला दार बंद. अकरा, तेरा, सतरा आणि आणखी काहींनाही ते बंद असल्याचं कॉक्स आणि वान देर पुर्टेन यांनी १९६८ मध्ये दाखवलं. अशा वगळलेल्या मूळ संख्या अनंत आहेत हे २०१२ मध्ये अँड्र्यू बुकर यांनी सिद्ध केलं.

सर्वांत मोठ्याऐवजी सर्वांत लहान अवयव घेत गेलं तर चित्र पालटतं. २, ३, ७, ४३, १३, ५३, आणि सातव्या जागी पाच येतो. पुढे अकरा येतो, सतरा येतो, सदतीस, तेवीस, एकोणतीस, एकोणीस, एकतीस, सगळे आपापल्या वेळी येतात, कोणत्याही क्रमाने. सगळ्याच मूळ संख्या कधी ना कधी येतील, असा डॅनियल शँक्स यांचा अंदाज होता. आजवर ५१ पदं सापडली आहेत. बावन्नाव्यासाठी तीनशेहून जास्त अंकांची एक संख्या फोडावी लागते, आणि ती अजून कोणाला फोडता आलेली नाही. त्या पदाची किंमत ठरलेली आहे, फक्त ती आपल्याला माहीत नाही. या यादीत अजून न दिसलेली सर्वांत लहान मूळ संख्या ४१. पाचाला अडवणाऱ्या चारच्या अटीसारखी तिला अडवणारी कोणतीही अट कोणाला सापडलेली नाही, आणि ती नक्की येईल असं म्हणायलाही आधार नाही. ती यावी असं मला मनापासून वाटतं. बावन्नाव्या जागी नसेल तर त्रेपन्नाव्या, नाहीतर आणखी हजारो पदं ओलांडून, जिथल्या संख्या लिहायला कागद पुरणार नाही अशा कुठल्यातरी पायरीवर सर्व भागाकार आटपल्यानंतर सर्वांत लहान म्हणून एक्केचाळीसच हाती लागेल का?